कॅल्शियमचा निरोप

कॅल्शियम म्हटले की दूध, हाडे आणि दात आठवतात. ते बरोबरच आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात एक किलोग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते व त्यातले सुमारे ९९ टक्के हाडांत आणि दातांत साठलेले असते. उरलेल्या एका टक्क्याचे काम मात्र निराळे आहे. तो पेशींना निरोप पोचवतो.

याचा पहिला सुगावा अपघातानेच लागला. लंडनचे वैद्य सिडनी रिंगर बेडकाचे हृदय क्षारजलात ठेवून प्रयोग करीत होते. हृदय बराच वेळ धडधडत राही. पुढे ध्यानात आले की, ते क्षारजल ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी साध्या नळाच्या पाण्यात केलेले होते! ऊर्ध्वपातित पाणी वापरताच धडधड मंदावली. किंचित कॅल्शियम घालताच पुन्हा सुरू झाली. ही हकीकत १८८३ सालची.

स्नायूंच्या बाबतीत जे आढळले, तेच पुढे ग्रंथींतही आढळले. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पोष ग्रंथी, म्हणजेच पिट्यूटरी, असते. तिच्या पुढच्या भागातील काही पेशी वृद्धी संप्रेरक तयार करून सूक्ष्म पुटिकांत भरून ठेवतात. माल तयार असतो, पण हुकमाशिवाय बाहेर पडत नाही.

आता एक गंमत पाहा. या पेशींच्या बाहेरील द्रवात कॅल्शियमचे आयन आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असतात. आत शिरलेले आयन पेशी ऊर्जा खर्चून सतत बाहेर लोटते. हा खटाटोप कशासाठी? घरात गोंगाट असला तर दारावरची थाप ऐकू येत नाही. आत शांतता असली तरच थोडेसे कॅल्शियमही निरोप ठरते.

हुकूम येतो तो मेंदूतील अधश्चेतक या भागाकडून. तेथून येणारे उत्तेजक संप्रेरक १९८२ साली ओळखता आले. ते पेशीपटलाला चिकटले की आत सायक्लिक ए.एम.पी. हे संयुग वाढते, पटलावरचा विद्युतदाब बदलतो आणि कॅल्शियमची दारे उघडतात. कॅल्शियम आत घुसते, पुटिका पटलाला मिळून फुटतात आणि वृद्धी संप्रेरक रक्तात जाते. याउलट, १९७३ साली सापडलेले सोमॅटोस्टॅटिन पोटॅशियमला बाहेर जाऊ देते. त्यामुळे कॅल्शियमची दारे मिटतात. माल आतच राहतो.

हे सारे प्रत्यक्ष दिसते का? होय. १९८५ साली रॉजर त्सिएन व सहकाऱ्यांनी फ्युरा-२ हे रंगद्रव्य प्रसिद्ध केले. कॅल्शियम मिळताच त्याची चमक बदलते. अशा रंगद्रव्यांमुळे पोष ग्रंथीच्या पेशींतील कॅल्शियमची चढउतार सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते.

मग भरपूर दूध प्यायले तर हे संप्रेरक जास्त सुटेल काय? तसे होत नाही. रक्तातील कॅल्शियम शरीर दर १०० मिलिलिटरला ९ ते १० मिलिग्रॅमच्या आसपास राखते. दूध हाडांसाठी हवेच, पण पेशीची दारे त्याने उघडत नाहीत.

वृद्धी संप्रेरक असे झटक्याझटक्याने सुटते; मोठा झटका बहुधा रात्री गाढ झोप लागल्यावर येतो. दिवसा दोन झटक्यांच्या मधे निरोगी मुलाच्या रक्तातही ते जवळजवळ सापडत नाही. म्हणून एखाद्या मुलाची उंची वाढत नसेल, तर एकदाच रक्त तपासून डॉक्टर निष्कर्ष काढत नाहीत. ते औषध देऊन ग्रंथीला मुद्दाम चेतवतात आणि ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा रक्त घेतात.