टिक्क्यावर जिवाणूंचा उतारा

पेरणीनंतर महिनाभरात भुईमुगाच्या पानांवर तपकिरी ठिपके उठू लागले की टिक्का आला असे म्हणतात. प्रत्यक्षात टिक्का हा दोन वेगवेगळ्या बुरशींचा उद्योग आहे. लवकर येणाऱ्या टिक्क्याच्या ठिपक्यांभोवती पिवळे वलय असते. उशिरा येणाऱ्याचे ठिपके काळपट आणि पानाच्या खालच्या बाजूला अधिक गडद दिसतात. तांबेऱ्याची बुरशी तिसरी. तिच्या नारिंगी पुटकुळ्याही पानाखालीच फुटतात. खरिपातली ढगाळ, दमट हवा या तिन्ही रोगांना मानवते. पाने अकाली गळाली की दाणे भरत नाहीत, आऱ्या कमकुवत होऊन उपटताना शेंगा जमिनीतच राहतात आणि गुरांसाठी राखलेला पालाही हातचा जातो. उपाय न केल्यास निम्मे पीक बुडू शकते.

नेहमीचा उपाय रासायनिक बुरशीनाशकांचा. तो चालतो, पण कायम चालेलच असे नाही. अमेरिकेतील अलाबामात बेनोमिल या औषधाला टिक्क्याच्या बुरशी दाद देत नसल्याचे 1974 मध्येच नोंदवले गेले. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे कार्बेन्डाझिम त्याच कुळातले आहे. पर्याय म्हणून उपयुक्त जिवाणूंचा विचार होतो तो अशा अनुभवांमुळे.

जिवाणू बुरशीला अनेक बाजूंनी अडवतात. बॅसिलस गटातले काही जिवाणू इट्युरिन, फेंगायसिन यांसारखी संयुगे स्रवतात. त्यांनी बुरशीच्या पेशींचे पातळ आवरण फाटते. काही जिवाणू कायटिनेज हे विकर तयार करतात. बुरशीची पेशीभित्तिका बऱ्याच अंशी कायटिनवर उभी असते, त्यामुळे हे विकर तिची भिंतच पोखरते. तिसरा मार्ग आडवळणाचा आहे: जिवाणूंची चाहूल लागताच झाड स्वतःची संरक्षक विकरे वाढवते आणि नंतर आलेल्या बुरशीला सज्ज असलेले पान भेटते.

प्रयोगशाळेच्या बशीत हे सगळे छान दिसते. अडचण शेतात येते. जमिनीत, मुळांच्या आसऱ्याला जिवाणूंना ओल आणि अन्न दोन्ही मिळते. पानावर मात्र दुपारचे ऊन, अतिनील किरण, कोरडा वारा आणि त्यावर पाऊस. खायला जवळपास काहीच नाही. फवारलेले जिवाणू भराभर घटतात. रोगाला मारणारा जिवाणू सापडणे त्या मानाने सोपे, तो पानावर टिकवणे अवघड.

यावर अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठातील संशोधकांनी शोधलेली तोड नामी आहे. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात बॅसिलस सेरियस जिवाणूसोबत पानावर कायटिनही फवारले होते. कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून मिळणारे कायटिन खाऊ शकणाऱ्या जिवाणूला पानावर शिधा मिळतो आणि त्याचबरोबर कायटिनेज तयार करण्याची चालनाही. हैदराबादजवळच्या पटानचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत पुढे हाच धागा उशिरा येणाऱ्या टिक्क्यासाठी वापरला गेला. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बॅसिलस सर्क्युलन्स आणि सेराशिया मार्सेसेन्स हे जिवाणू कायटिनसह फवारल्यावर, नुसते जिवाणू किंवा नुसते कायटिन फवारण्यापेक्षा रोग अधिक आटोक्यात राहिला.

पण पिकाचा मित्र तो माणसाचाही मित्र, असे गृहीत धरता येत नाही. सेराशिया मार्सेसेन्स रुग्णालयांत दुबळ्या रुग्णांना संसर्ग करतो. बॅसिलस सेरियसचे काही वाण अन्नविषबाधा घडवतात. असे जिवाणू संशोधनात कितीही चमकले तरी शेतकऱ्याच्या पंपात भरण्याजोगे नाहीत. म्हणून व्यवहारात भर आहे तो बॅसिलस सबटिलिस आणि स्यूडोमोनास फ्लुरोसेन्सवर. तमिळनाडूत स्यूडोमोनासची शंखजिऱ्याच्या भुकटीतली तयार उत्पादने टिक्का आणि तांबेऱ्यासाठी बीजप्रक्रिया व फवारणी अशा दोन्ही मार्गांनी तपासली गेली आहेत. या दोघांत बॅसिलस साठवणीला सोयीचा, कारण तो उष्णता व कोरडेपणा सोसणारे अंतर्बीजाणू बनवतो. स्यूडोमोनास तसे बनवत नाही, त्यामुळे उन्हात पडलेल्या पुडीवर भरवसा ठेवू नये.

हे उपाय रोग येण्याआधी किंवा पहिले ठिपके दिसताच करायचे असतात. अर्धे पान करपल्यावर जिवाणू ते हिरवे करत नाहीत. फवारणी संध्याकाळी करावी, पानांची खालची बाजूही भिजवावी आणि पावसाने धुऊन निघाल्यास ती पुन्हा करावी. मागच्या हंगामातला रोगट पालापाचोळा काढणे, पिकांची फेरपालट आणि रोगाला तोंड देणारे वाण यांची जोड असेल तर जिवाणूंवरचा भार हलका होतो. सतत रिमझिम असलेल्या वर्षी एखादी रासायनिक फवारणी टाळता येत नाही. मात्र ताम्रयुक्त बुरशीनाशक जिवाणूंनाही मारते. ते एकाच टाकीत मिसळले, तर जिवाणूंच्या पुडीचे पैसे वाया जातात.