गाडीचे तेल जाते कुठे?

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक जुनी मोटार होती. तिच्या इंजिनाखालून तेल ठिबकत असे. गॅरेजमध्ये नेली की ऑइल सील बदलून मिळे. महिना-दोन महिने बरे जात आणि पुन्हा अंगणात काळा डाग दिसू लागे. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी दुसऱ्या एका मिस्त्रींनी सीलकडे पाहण्याआधी इंजिनावरची एक रबरी नळी काढून दाखवली. तिच्यात काळ्या, चिकट गाळाचे बूच बसले होते. नळी साफ करून नवे सील बसवले आणि ठिबकणे थांबले. मग तीनदा बदललेल्या सीलचा दोष काय होता? काहीच नाही!

हे समजण्यासाठी इंजिनात डोकावू या. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळते, तेव्हा तयार होणारे वायू पिस्टनला खाली ढकलतात. पिस्टनभोवतीच्या रिंगा हे वायू अडवतात. पण थोडे वायू रिंगांना चुकवून खालच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरतातच. नव्या इंजिनात ते कमी असतात, झिजलेल्या इंजिनात जास्त. त्यांना बाहेर पडायला एक वाट ठेवलेली असते. तिला ब्रीदर म्हणतात. आमच्या गाडीची तीच वाट बुजली होती. आतला दाब वाढे आणि जिथे जोड कमजोर, तिथून तेल बाहेर ढकलले जाई.

गळते की जळते?

तेल कमी होण्याच्या मुख्य वाटा दोन. रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी डाग दिसला तर तेल गळते आहे. डाग नाही, तरी डिपस्टिकवरची पातळी उतरते आहे, तर ते बहुधा सिलिंडरमध्ये जळते आहे. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो तो या जळलेल्या तेलाचा.

धूर केव्हा येतो हेही पाहावे. सकाळी गाडी सुरू करताच धुराचा लोट येऊन लगेच थांबला, तर रात्रभरात व्हॉल्व्हच्या दांड्यांवरून तेल सिलिंडरमध्ये झिरपले असावे. चढावर, इंजिनावर जोर पडताना धूर येतच राहिला, तर संशय रिंगांवर घ्यावा. खात्रीसाठी मिस्त्री सिलिंडरमधला दाब मोजतात, प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडतात आणि पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने त्यांच्या फटी तात्पुरत्या बुजवलेल्या असतात.

पातळी तेल न घालताच वाढली, तर आनंद मानू नये. तेलात पेट्रोल किंवा पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे.

एक गणित

समजा, १००० किलोमीटरमध्ये १ लिटर तेल जळते. गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर धरला, तर हे अंतर तोडायला २० तास म्हणजे १२०० मिनिटे लागतील. चार सिलिंडरचे, चार टप्प्यांचे इंजिन मिनिटाला २५०० फेरे घेत असेल, तर दर फेऱ्याला दोन, म्हणजे मिनिटाला ५००० ज्वलने होतात. एकूण ज्वलने ६० लाख! १००० मिलिलिटरला ६० लाखांनी भागा. दर ज्वलनात जळणारे तेल एका मिलिलिटरचा सहाहजारावा भाग येते. एक थेंब १/२० मिलिलिटर मानला, तर हे थेंबाचा तीनशेवा भाग झाले. एवढ्याशा चुकीने डबा रिकामा होतो.

जाड तेलाचा सल्ला

‘जाड तेल घाला, थांबेल,’ असा सल्ला हमखास मिळतो. डब्यावरच्या २०डब्ल्यू-४० या खुणेत पहिला आकडा थंडीतल्या आणि दुसरा तापलेल्या इंजिनातल्या तेलाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, दर्शवतो. जाड तेल फटींतून हळू जाते हे खरे, पण सकाळी थंड इंजिनाच्या बेअरिंगांपर्यंतही ते उशिरा पोचते. मधल्या क्षणांत धातूवर धातू घासतो. धूर कमी दिसतो, झीज मात्र चालूच राहते. आणि पातळी फारच उतरू दिली, तर बेअरिंगा जळून इंजिन जाम होते. मग शे-दोनशेच्या नळीऐवजी हजारोंचा खर्च येतो.

वर्गात हा प्रयोग करता येईल. दोन उंच परीक्षानळ्यांत न वापरलेले तेल भरा. एक नळी बर्फाच्या पाण्यात, दुसरी कोमट पाण्यात ठेवा. दोन्हींत सारखाच छर्रा सोडून तळाशी पोचण्याचा वेळ मोजा. तेल ज्योतीवर मात्र तापवू नये.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे, त्या विद्यार्थ्यांना महिनाभर एक वही ठेवायला सांगावी: तारीख, किलोमीटर, डिपस्टिकची पातळी, डाग, धूर केव्हा आला. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनीच पातळी पाहावी. आम्ही अशी वही ठेवली असती, तर दुसऱ्या सीलच्या वेळीच विचारले असते: हे पुन्हा का झाले?