जिन-टॉनिक, खारपाणपट्टा आणि एक नीट विचारलेला प्रश्न

पीएचडीच्या तयारीला लागलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न छळतो: विषय तर मिळाला, पण त्यातून 'रिसर्च क्वेश्चन' कसा काढायचा? मोठमोठे शब्द वापरून हे समजावणं सोपं असतं. आपण जरा वेगळं करू. घरी जिन-टॉनिकचा एक चांगला ग्लास कसा बनवायचा, इथून सुरुवात करू आणि दर्यापूर-अकोटच्या विहिरीपर्यंत जाऊ. जे पीत नाहीत त्यांनी जिन वगळावी. पुढच्या सगळ्या प्रयोगांना फक्त टॉनिक वॉटर लागतं.

(पिणाऱ्यांसाठी कायद्याची आठवण: महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परवानाही. शेजारचा वर्धा जिल्हा तर दारूबंदीचा आहे.)

आधी ग्लास

जिन म्हणजे ज्युनिपरच्या फळांचा वास प्रमुख असलेली दारू. ज्युनिपरला संस्कृतात हपुषा म्हणतात. गोव्यात तयार होणाऱ्या एका जिनचं नावही 'हपुसा' आहे. टॉनिक म्हणजे मात्र साधा सोडा नव्हे. त्यात साखर, आम्ल आणि मुख्य म्हणजे क्विनीन असतं, कडूपणा त्याचाच. बाटलीवरच्या घटकांत क्विनीन लिहिलेलं नसेल तर ते टॉनिक नाही, दुकानदार काहीही म्हणो.

प्रमाण सोपं आहे: ४५ मिली जिन, १३५ मिली टॉनिक. जिन ४२.८ टक्क्यांची असेल तर एका ग्लासात साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल जातं. अंदाजाने ओतू नका, मोजून घ्या.

आता खरा मुद्दा, थंडपणा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. कार्बन डायऑक्साइड थंड पाण्यात जास्त विरघळतो: शून्य अंशाला जितका मावतो, त्याच्या साधारण निम्माच २० अंशाला मावतो. कोमट टॉनिक ओतलं की बुडबुडे फसफसून निघून जातात आणि उरतं ते कडू सरबत.

मग बर्फ कमी घालावा की जास्त? बहुतेक लोक म्हणतात, 'जास्त बर्फ टाकू नको, पाणचट होईल.' हिशोब करून पाहू. १८० ग्रॅम पेय ३० अंशांवरून शून्यावर आणायचं तर सुमारे २२,७०० ज्यूल उष्णता काढावी लागते. एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ ज्यूल घेतो. म्हणजे जवळपास ६८ ग्रॅम बर्फाचं पाणी होणार! तेच पेय आधीच फ्रिजमध्ये ५ अंशांवर ठेवलेलं असेल तर फक्त ११ ग्रॅम वितळेल. म्हणजे पेय पाणचट होतं ते मुख्यतः कोमट बाटलीमुळे. बाटल्या आधी थंड करा आणि ग्लास बर्फाने गच्च भरा. टॉनिक शेवटी, कडेने, हळू ओता. एकदाच ढवळा.

वरून वाडेगावच्या लिंबाची फोड, किंवा वरूड-मोर्शीच्या संत्र्याची साल ग्लासावर पिळून टाका. सालीतलं तेल वर पसरतं आणि पहिला वास तोच येतो. झाला ग्लास.

दंतकथा आणि पुरावा

तुम्ही ऐकलं असेल की इंग्रज सोल्जर मलेरिया बरा व्हावा म्हणून जिन-टॉनिक प्यायचे. गोष्ट छान आहे. तपासू.

क्विनीन सिंकोनाच्या सालीतून पेल्तिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२० मध्ये वेगळं केलं. क्लेमेंट्स मार्कहमच्या मोहिमेनंतर १८६० च्या दशकात निलगिरीत सिंकोनाची लागवड झाली. टॉनिक वॉटरचं पेटंट १८५८ चं, लंडनच्या इरॅस्मस बाँडचं. जिन-टॉनिकचा आतापर्यंत सापडलेला सर्वांत जुना छापील उल्लेख १८६८ चा, भारतातल्या एका क्रीडा मासिकातला. संदर्भ दवाखान्याचा नाही, घोड्यांच्या शर्यतीचा आहे!

आता आकडे बघा. अमेरिकेत टॉनिकमध्ये क्विनीनची कमाल मर्यादा लिटरमागे सुमारे ८३ मिलिग्रॅम आहे. मलेरियाच्या उपचारात प्रौढाला दिवसाला साधारण १८०० मिलिग्रॅम क्विनीन दिलं जायचं. त्या हिशोबाने रोज २१-२२ लिटर टॉनिक प्यावं लागेल. जुन्या काळात क्विनीन कडू म्हणून ते दारूत किंवा सोड्यात मिसळून घेत, हे खरं. पण आजचं टॉनिक हे औषध नव्हे. उलट गरोदर बायका, हृदयाच्या ठोक्यांची औषधं घेणारे आणि क्विनीन न सोसणारे यांनी ते टाळावं.

इथे पहिला धडा: गोष्टीत एखादं सत्य असतं म्हणून अख्खी गोष्ट सत्य ठरत नाही. तुकडे वेगळे करा, प्रत्येकाला तारीख आणि आकडा लावा.

निळा उजेड

नोटा तपासायचा छोटा अतिनील टॉर्च मिळतो, तो घ्या. अंधाऱ्या खोलीत टॉनिकवर मारा (डोळ्यांत नको). टॉनिक निळं उजळतं. १८४५ मध्ये जॉन हर्शलने क्विनीनच्या द्रावणातला हा निळा उजेड नोंदवला आणि १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्सने त्याचं स्पष्टीकरण दिलं. 'फ्लुओरेसन्स' हा शब्दही त्याचाच. क्विनीनचा रेणू ३५० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश शोषतो आणि ४५० च्या आसपासचा निळा प्रकाश बाहेर टाकतो. आजही विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत फ्लुओरोमीटर तपासायला क्विनीन सल्फेटच वापरतात.

आता त्यात चिमूटभर मीठ टाका. उजेड मंदावतो. क्विनीन कुठेही गेलेलं नाही. प्रकाश सोडायच्या आधीच उत्तेजित रेणूला क्लोराइडची धडक बसते आणि ऊर्जा उष्णतेच्या रूपात निघून जाते. याला क्वेंचिंग म्हणतात.

मिठाने अजून एक होतं. टॉनिकचा कडूपणा कमी लागतो. ब्रेस्लिन आणि बोशाँ यांनी १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की सोडियम कडवटपणा दाबतं, आणि त्यामुळे बाकीच्या चवी वर येतात. त्यांनी साधं मीठ वापरलं नव्हतं, सोडियम अ‍ॅसिटेट वापरलं होतं. का, ते आता ओळखा. एकच चिमूट मीठ उजेडही मंद करते आणि कडूही कमी करते. वरवर पाहणारा म्हणेल, 'मिठाने क्विनीन मारलं, म्हणून दोन्ही झालं.' पण उजेड घालवतं ते क्लोराइड, आणि कडू दाबतं ते सोडियम. परिणाम दोन, कारणं दोन, फक्त पुडी एक!

हे वेगळं कसं कराल? मेडिकलमध्ये मिळणारं एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट घाला. त्यात क्लोराइड नाही, त्यामुळे उजेड टिकायला हवा. साखर घाला, तरी टिकायला हवा. टिकला नाही, तर आपलं स्पष्टीकरण अडचणीत. स्वतःच्या कल्पनेला अडचणीत आणू शकेल असा ग्लास टेबलावर ठेवणं म्हणजेच कंट्रोल.

आता खारपाणपट्टा

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून खाऱ्या पाण्याचा पट्टा जातो. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, शेगाव, संग्रामपूर, या तालुक्यांतली माणसं हे पाणी पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. काही गावांना वान धरणाचं पाणी नळाने येतं, पण नळ आटला की पुन्हा विहीर आणि हापशी. पाणी उकळून क्षार जात नाहीत, हेही लक्षात ठेवा.

भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात क्लोराइड २५० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. आणि क्लोराइड तर टॉनिकचा उजेड घालवतं. मग प्रश्न असा: टॉनिक आणि टॉर्च वापरून विहिरीच्या पाण्यातल्या क्लोराइडचा अंदाज घेता येईल का?

बघा, प्रश्न कसा बारीक झाला. 'खारपाणपट्ट्यातील पाण्याचा अभ्यास' हा विषय आहे, प्रश्न नाही.

करून पाहू. आरओच्या १ लिटर पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळवा. त्यात साधारण ६०७० मिलिग्रॅम क्लोराइड असतं. टॉनिकचा गॅस आधी ढवळून पूर्ण घालवा, कारण बुडबुडे प्रकाश विखुरतात. पाच सारखे ग्लास घ्या, प्रत्येकात ८० मिली टॉनिक. सिरिंजने मिठाचं पाणी ०, २, ५, १० आणि २० मिली घाला, आणि उरलेलं आरओचं पाणी घालून प्रत्येक ग्लास १०० मिलीवर आणा. क्लोराइड झालं अनुक्रमे ०, १२१, ३०४, ६०७ आणि १२१४ मिलिग्रॅम प्रतिलिटर. मोबाइलचं एक्स्पोजर लॉक करून, एकाच अंतरावरून फोटो काढा आणि निळ्या रंगाची किंमत मोजा. आडव्या अक्षावर क्लोराइड, उभ्या अक्षावर 'पहिल्या ग्लासचा उजेड भागिले या ग्लासचा उजेड'. सरळ रेषेच्या जवळ काही आलं तर तुम्ही स्टर्न-व्होल्मर आलेख काढलात. सहाव्या ग्लासात ८० मिली टॉनिक आणि २० मिली विहिरीचं पाणी. त्याची जागा रेषेवर शोधा आणि उत्तराला पाचने गुणा, कारण पाणी पाचपट पातळ झालंय.

इथेच थांबू नका

परीक्षक विचारतील: उजेड क्लोराइडनेच गेला कशावरून? आणि प्रश्न योग्य आहे. खारपाणात बायकार्बोनेटही भरपूर असतं. ते आम्ल मारतं, आणि क्विनीनचा उजेड आम्लावर अवलंबून असतो. म्हणजे क्लोराइड कमी असूनही उजेड घटेल आणि तुम्ही पाणी आहे त्यापेक्षा खारट ठरवाल. उपाय: सहाही ग्लासांत मोजून सारखंच, आणि भरपूर, लिंबूसत्त्व घाला. फरक पडला का ते नोंदवा. मग एका ग्लासात आरओच्या पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून घाला. लिंबूसत्त्वाने तो झाकला जातो का, तेही पाहा.

एवढं करूनही या आकड्याच्या जोरावर कुणाला 'तुमचं पाणी प्या' किंवा 'पिऊ नका' असं सांगायचं नाही. नायट्रेट, फ्लोराइड, जंतू यातलं काहीच हा टॉर्च दाखवत नाही. पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत द्या. तिथे सिल्व्हर नायट्रेटच्या अनुमापनाने क्लोराइड मोजतात. आपला आकडा त्या आकड्याशेजारी ठेवा. दहा विहिरींचे दोन्ही आकडे जुळले, तर तुमची पद्धत 'कुठली विहीर आधी तपासावी' एवढं सांगू शकेल. तेवढंच सांगा. पण ज्या गावात बाई रोज दोन हंडे कुठून भरायचे हे चवीवरून ठरवते, तिथे तेवढंही थोडं नाही.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा चार ओळी आधी लिहा. मी काय मोजणार? कशामुळे ते बदलेल असं मला वाटतं? दुसऱ्या कशामुळे बदलू शकतं? आणि कोणता निकाल आला तर मी माझं म्हणणं मागे घेईन? चौथी ओळ लिहिता येत नसेल, तर विषय गाईडकडे न्यायची घाई करू नका. आणखी एक आठवडा त्याच्यासोबत बसा, ग्लासात काहीही असो.