डेझर्ट बस फॉर होप

डेझर्ट बस फॉर होप हा व्हिडिओ गेम खेळून देणग्या गोळा करण्याचा वार्षिक धर्मादाय उपक्रम आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या व्हिक्टोरिया शहरात विनोदी प्रहसने तयार करणाऱ्या लोडिंगरेडीरन या गटाने नोव्हेंबर २००७ मध्ये तो सुरू केला. खेळाडू आळीपाळीने अनेक दिवस अखंड खेळतात, त्याचे इंटरनेटवर थेट प्रक्षेपण होते आणि जमलेला निधी चाइल्ड्स प्ले या संस्थेला दिला जातो. अशा उपक्रमांसाठी सहसा रंजक किंवा कौशल्याचा कस पाहणारे खेळ निवडले जातात; येथे मात्र मुद्दाम कंटाळवाणा केलेला खेळ निवडलेला आहे.

खेळाचे स्वरूप

‘डेझर्ट बस’ हा ‘पेन अँड टेलर्स स्मोक अँड मिरर्स’ या व्हिडिओ गेमचा एक भाग होय. पेन आणि टेलर या अमेरिकन जादूगारांच्या जोडीसाठी तो सेगा सीडी या यंत्राकरिता तयार करण्यात आला. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात व्हिडिओ गेममधील हिंसेवरून अमेरिकेच्या राजकारणात गदारोळ उठला होता. अजिबात हिंसा नसलेला आणि वास्तवाशी तंतोतंत जुळणारा खेळ कसा असेल, याचे हे उपहासात्मक उत्तर होते. १९९५ च्या सुमारास प्रकाशक कंपनी बंद पडल्याने हा गेम बाजारात आलाच नाही; सुमारे दहा वर्षांनी त्याची एक प्रत इंटरनेटवर उपलब्ध झाली.

खेळाडूने ॲरिझोनातील टूसॉनपासून नेवाडातील लास व्हेगासपर्यंत रिकामी बस चालवायची असते. खेळातील अंतर ३६० मैल, म्हणजे सुमारे ५८० किलोमीटर आहे; मुंबई ते पणजी हा रस्त्याचा प्रवासही साधारण एवढाच. बसचा कमाल वेग ताशी ४५ मैल असल्याने एका फेरीला प्रत्यक्षातले ८ तास लागतात. रस्त्यावर वाहने नाहीत, प्रवासी नाहीत, खेळ मध्येच थांबवण्याची सोय नाही. बस सतत किंचित उजवीकडे ओढली जाते, त्यामुळे बटण दाबून ठेवून उठून जाता येत नाही. बस रस्त्याखाली उतरली तर ती ओढून टूसॉनला परत नेली जाते आणि त्या परतीलाही खराखुरा वेळ लागतो. मुक्काम गाठल्यावर मिळतो एक गुण. त्यानंतर परतीच्या फेरीची संधी दिली जाते.

निधीचे गणित

उपक्रमाचे खरे वैशिष्ट्य तासांच्या किमतीत आहे. पहिल्या तासासाठी १ डॉलर देणगी पुरते. पुढचा प्रत्येक तास आधीच्या तासापेक्षा ७ टक्क्यांनी महाग असतो. चक्रवाढ व्याजाचा हिशेब माहीत असलेल्यास पुढचे चित्र सहज दिसेल. पहिले २४ तास केवळ ५८ डॉलरमध्ये मिळतात. शंभराव्या तासाची किंमत ८११ डॉलर होते आणि पूर्ण १०० तासांसाठी सुमारे १२,४०० डॉलर लागतात. १६० तासांसाठी हीच रक्कम ७ लाख डॉलरच्या पुढे जाते. साधारण दर दहा तासांनी तासाची किंमत दुप्पट होते.

याच गणिताची उलट बाजू खेळाडूंना वाचवते. देणग्या दसपट झाल्या तरी खेळ सुमारे ३४ तासांनीच लांबतो. पहिल्या वर्षी सुमारे १०८ तास खेळून २२ हजार डॉलरहून अधिक रक्कम जमली. २०२० मध्ये निधीने १० लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, म्हणजे तो चाळीस पटींहून अधिक वाढला. पण सूत्रानुसार तास १६६च्या आसपासच राहिले. प्रत्येक तास १ डॉलरचा ठेवला असता, तर तेवढ्या रकमेसाठी ११४ वर्षे बस चालवावी लागली असती.

अर्थात यामुळे सप्ताहाच्या अखेरीस देणगीचा वेळेवरील परिणाम नगण्य होतो. १६०व्या तासाला १३ डॉलर दिले, तर खेळ जेमतेम एक सेकंद वाढतो. तरीही लोक देतात, कारण तोपर्यंत बस हे निमित्त उरलेले असते. प्रेक्षक पैसे देऊन गाणी, नाच, सोंगे यांची फर्माईश करतात. प्रेक्षकांनीच हाताने बनवून पाठवलेल्या वस्तूंचे लिलाव होतात. पडद्यावर काहीच घडत नसल्याने खोलीतल्या माणसांकडे लक्ष जाते. रंजक खेळ निवडला असता, तर हे इतके सहज साधले नसते.

पाळ्या

दिवसाचे सहा-सहा तासांचे चार भाग पाडून प्रत्येक भागाला नाव दिलेले आहे: झीटा शिफ्ट, डॉन गार्ड, आल्फा फ्लाइट आणि नाइट वॉच. यांपैकी मध्यरात्री सुरू होणारी झीटा शिफ्ट तिच्या विक्षिप्त विनोदासाठी ओळखली जाते.

निधीचा विनियोग

चाइल्ड्स प्ले ही संस्था २००३ मध्ये ‘पेनी आर्केड’ या चित्रमालिकेचे निर्माते माइक क्राहुलिक व जेरी होल्किन्स यांनी अमेरिकेत स्थापन केली. बालरुग्णालयांना ती खेळणी, व्हिडिओ गेम आणि ते खेळण्याची यंत्रे पुरवते. दीर्घकाळ दाखल असलेल्या मुलांना ती विरंगुळा म्हणून मिळतात; शिवाय वेदनादायक उपचारांच्या वेळी मुलाचे लक्ष दुसरीकडे वळवण्यासाठीही रुग्णालयातील कर्मचारी त्यांचा उपयोग करतात. कौटुंबिक हिंसाचारातून बाहेर पडलेल्या कुटुंबांच्या निवाऱ्यांनाही संस्था असेच साहित्य देते.