कुरजा : आहारदान आणि अभयदान

जीवदया हा शब्द आपल्या व्यापारी समाजास नवा नाही. पारव्यांसाठी दुकानाच्या ओट्यावर मूठभर दाणे टाकल्यावाचून गादीवर न बसणारे भुसार व्यापारी आम्ही गावोगाव पाहिले आहेत. पांजरपोळांचे हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ठेवणारी घराणीही पाहिली आहेत. या परंपरेचा एक नमुना राजस्थानच्या मरुभूमीत असा आहे की, त्याचे नाव आज देशोदेशींच्या पक्षिशास्त्रज्ञांच्या तोंडी आहे. जोधपूरच्या वायव्येस फलोदी नावाचे जुने व्यापारी शहर आहे. त्याच्या शेजारचे खीचन हे ते गाव होय. या गावी दर हिवाळ्यास हजारो कोस दूरचे पाहुणे उतरतात आणि आपल्या बांधवांनी घातलेल्या ज्वारीवर राहतात. या पाहुण्यांची हकिकत व्यापारी बांधवांपुढे ठेवावी, आणि तीतून आपल्या दानधर्माविषयी जो एक प्रश्न उभा राहतो तोही मांडावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

पाहुण्यांचे नाव कुरजा. क्रौंचकुळातील हा सर्वांत लहान पक्षी होय. उभा राहिला असता उंची सुमारे ३ फूट, वजन २ ते ३ किलो. अंग राखी रंगाचे, मान व छाती काळी, आणि डोळ्यांच्या मागून खाली झुकलेले शुभ्र पिसांचे झुपके. युरोपात यास ‘कुमारी’ या अर्थाचे नाव पडले, आणि लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली त्याचे शास्त्रीय नावही त्याच अर्थाचे ठेवले. मारवाडच्या स्त्रियांनी मात्र त्यास आपली सखी मानले. व्यापारासाठी दिसावरास गेलेल्या पतीकडे निरोप पोचविण्यासाठी त्या कुरजेची विनवणी करतात, अशी लोकगीते तेथे घरोघर गाइली जातात. ज्या प्रदेशातील पुरुष हैदराबाद, इंदूर, मद्रास, कलकत्ता अशा दूरच्या पेठांत वर्षानुवर्षे राहत, तेथे दूरदेशीहून नेमाने परतणाऱ्या पक्ष्याचे केवढे अप्रूप वाटत असेल, हे सांगावयास नको.

या पक्ष्यांचे मूळ घर काळ्या समुद्राच्या उत्तरेपासून मंगोलिया व ईशान्य चीनपर्यंत पसरलेल्या विस्तीर्ण गवताळ मैदानांत आहे. तेथे उन्हाळ्यात जमिनीवर, बहुधा उघड्यावरच, मादी दोन अंडी घालते आणि सुमारे चार आठवड्यांत पिले बाहेर पडतात. त्या मैदानांचा गेल्या शतकातील इतिहास आम्हा धान्यवाल्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावा असा आहे. १९५४ साली सोव्हिएट सरकारने पडीत जमीन नांगराखाली आणण्याची प्रचंड मोहीम काढली. थोड्याच वर्षांत एकट्या कझाकस्तानात सुमारे २.५ कोटी हेक्टर गवताळ भूमी गव्हासाठी उलथली गेली. आरंभी पीक भरघोस आले. पुढे मुळांचा आधार तुटलेली माती वाऱ्याबरोबर उडू लागली, आणि १९६३ साली पीक इतके बुडाले की त्या बलाढ्य राष्ट्रास परदेशांतून गहू विकत घ्यावा लागला. कुरजांनी या उलथापालथीतही तग धरला. गवत गेले तेव्हा काहींनी नांगरलेल्या शेतातच अंडी घालण्यास आरंभ केला. यंत्रांखाली ती चिरडली जात, तरी जात टिकली. १९९१ नंतर सोव्हिएट राज्य मोडले, लाखो हेक्टर शेते ओस पडली, आणि त्यांवर पुन्हा गवत आले. उत्तर आफ्रिकेच्या ॲटलास पर्वताकडील कुरजा मात्र नाहीशा झाल्या. जगात आज त्यांची संख्या २ लाखांच्या आसपास मानली जाते.

थंडीची चाहूल लागली की हे थवे दक्षिणेकडे निघतात. मंगोलियातील पक्ष्यांच्या अंगावर लहान यंत्रे बसवून कृत्रिम उपग्रहांच्या साह्याने त्यांचा मार्ग अलीकडे शोधण्यात आला आहे. शरद ऋतूत ते तिबेटचे पठार व हिमालय ओलांडून येतात. वसंतात परतताना मात्र हिमालयास वळसा घालून पाकिस्तान व अफगाणिस्तानावरून मध्य आशियात शिरतात. नेपाळात ८,१६७ मीटर उंचीचे धवलगिरी व ८,०९१ मीटर उंचीचे अन्नपूर्णा या दोन शिखरांमधून काली गंडकी नदी वाहते. तिच्या खोऱ्यातून कुरजांचे थवे उतरत असता सोनेरी गरुड त्यांवर झडप घालतात, आणि थकलेले व तरुण पक्षी बळी पडतात. याच खोऱ्यातून शतकानुशतके तिबेटचे मीठ खाली येई आणि खालचे धान्य वर जाई. तुकुचे गावच्या थकाली व्यापाऱ्यांची भरभराट या देवघेवीवर झाली होती. १९५० नंतर तिबेटची परिस्थिती पालटली, भारतातील स्वस्त मीठ डोंगरात पोचले, आणि तो व्यापार आटला. माणसांचे तांडे थांबले; कुरजांचे तांडे अद्याप त्याच वाटेने येत आहेत.

ऑगस्टच्या अखेरीपासून पहिले पक्षी खीचनच्या आकाशात दिसू लागतात आणि मार्चपर्यंत त्यांचा मुक्काम असतो. गाव ओसवाल जैनांचे. तांबड्या दगडाच्या नक्षीदार हवेल्या अजून उभ्या आहेत; परंतु पुष्कळ दारांना कुलपे आहेत, कारण धनी दिसावरास कायमचे स्थायिक झाले. पारवे, चिमण्या यांस दाणे टाकण्याची गावाची रीत जुनी. १९७० च्या सुमारास त्या दाण्यांवर काही कुरजाही उतरू लागल्या. त्यांस कोणी हाकलले नाही. पुढच्या वर्षी अधिक आल्या, त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून अधिक. शेकड्यांचे हजार झाले. कुत्र्यांचा उपद्रव होऊ लागला तेव्हा कुंपण घालून ‘चुग्गाघर’ बांधले गेले आणि शेजारी धान्याचे कोठार उभे राहिले. आता हंगामात थव्यांची संख्या २२ हजारांच्याही वर जाते.

काही वर्षांपूर्वी माघ महिन्यात आम्ही खीचनास गेलो होतो. पहाटे चुग्गाघरात ज्वारी पसरलेली होती. उजाडल्यावर थवे आकाशात घिरट्या घालू लागले, आणि बऱ्याच वेळाने एकेक तुकडी अशा शिस्तीने खाली उतरली की, आमच्या बाजारातील हमालांची रांगही इतकी नीट नसेल. एक तुकडी खाऊन उठे, मग दुसरी बसे. सकाळ सरताच सर्व पक्षी तलावाकडे गेले व काठावरील बारीक खडे वेचू लागले. दात नसलेल्या या प्राण्यास दाणा दळण्यासाठी पोटात जाते लागते. हे खडे म्हणजे त्या जात्याचे पाषाण होत. कोठारातील पोती पाहताना आमची नजर सवयीने धान्यावर गेली. ज्वारी स्वच्छ, टपोरी आणि कोरडी होती. हिवाळाभर रोज क्विंटलच्या क्विंटल धान्य लागते, आणि ते मुख्यतः दूरदूरच्या पेठांतील बांधवांच्या वर्गणीतून येते. हे पाहून आम्हांस धन्यता वाटली.

परंतु केवळ धन्यता मानून थांबणे योग्य नव्हे. २०२५ च्या जून महिन्यात खीचनच्या पाणथळ भूमीस रामसर कराराच्या यादीत स्थान मिळाले. १९७१ साली इराणमधील रामसर या गावी झालेला हा करार जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रक्षणासाठी आहे. खीचनची ‘रातडी नाडी’ व विजयसागर तलाव ही दोन पाण्याची स्थाने आणि भोवतीची झुडुपी जमीन यांचा त्यात समावेश आहे. ‘नाडी’ म्हणजे मारवाडातील लहान तळे. दीडशेहून अधिक जातींचे पक्षी येथे आढळतात. हा मान मिळाला, तरी याच मुलखाचे रूप झपाट्याने पालटत आहे. भाडला येथे २,२४५ मेगावॉटचे सौरऊर्जा केंद्र उभे राहिले असून त्याची गणना जगातील मोठ्या केंद्रांत होते. अशा केंद्रांची वीज वाहून नेणाऱ्या उंच तारांचे जाळे वाळवंटावर पसरले आहे. पहाटेच्या धुक्यात किंवा सायंकाळी उडणाऱ्या मोठ्या पक्ष्यास तार दिसत नाही. तो आदळतो आणि मरतो. खीचनच्या आसपास कुरजा अशा मेल्या आहेत व गावकऱ्यांनी याविषयी वारंवार तक्रारी केल्या आहेत. माळढोकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला होता. २०२४ साली तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली. यावरून विजेची गरज आणि पक्ष्यांचा जीव यांचा मेळ घालणे किती अवघड आहे, हे ध्यानात येईल.

दुसरा धोका गर्दीचा. एका जागी हजारो पक्षी जमले की रोग पसरण्यास वेळ लागत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात जोधपूर जिल्ह्यातील कापरडा येथे पक्षिज्वराने शेकडो कुरजा दगावल्या. म्हणून काही शास्त्रज्ञ म्हणतात की, दाणे घालून पक्ष्यांस एकत्र आणणे व परावलंबी करणे हितकर नाही. हा आक्षेप ऐकून आपल्यापैकी काहींस राग येईल. आमचे मत असे की, तो शांतपणे ऐकावा. उद्या एकाएकी दाणे बंद करणे क्रूरपणाचे होईल, कारण हा मुक्काम पन्नास वर्षांत पक्ष्यांच्या सवयीचा झाला आहे. मात्र चुग्ग्याची जागा स्वच्छ ठेवणे, ती विभागणे, आजारी पक्षी दिसताच पशुवैद्यास कळविणे, हे सर्व दानाचेच अंग समजले पाहिजे.

आपल्या शास्त्रकारांनी दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. खीचनच्या कुरजांस आहारदान आपण भरपूर केले. आता त्यांस अभयदानाची गरज आहे, आणि ते पोत्याने मोजून देता येत नाही. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अन्नपाननिरोध’ हा एक गणला आहे. अन्नपाणी अडविणे एवढाच त्याचा अर्थ लावून आपण मोकळे होतो. परंतु तलावात पाणी ज्या उतारावरून वाहत येते त्या आगोरात भूखंड पाडले, भिंती घातल्या, तर ते पाणी अडविणेच नव्हे काय? आपल्या समाजातील पुष्कळ घराण्यांचे भांडवल आता जमिनीच्या व सौरऊर्जेच्या उद्योगात गुंतले आहे. हे उद्योग वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. एका खात्यावर कुरजांच्या ज्वारीचा खर्च आणि दुसऱ्या खात्यावर त्यांच्या वाटेतील तारांचा नफा, अशी वही मात्र जुळलेली म्हणता येणार नाही, इतकेच आमचे म्हणणे.

म्हणून व्यापारी बांधवांस काही सूचना कराव्याशा वाटतात. पहिली सूचना आमच्या धंद्यातील आहे. दानासाठी धान्य पाठवावयाचे तर ते विकाऊ मालाइतकेच निर्मळ असावे. बुरशी धरलेला माल ‘पाखरांस चालेल’ म्हणून बाजूस काढण्याची प्रथा कोठे कोठे आहे. ती घातक आहे. १९६० साली इंग्लंडात बुरशीयुक्त भुईमुगाच्या पेंडीने १ लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. औषध चोळलेले उरलेले बियाणे तर एक दाणाही जाता कामा नये. गोदामात किडीसाठी धुरी दिलेला माल पुरता मोकळ्या हवेत राहिल्यावरच पाठवावा. दुसरी सूचना अशी की, वर्गणीचा काही भाग तलावांचा गाळ काढणे व आगोर मोकळे राखणे यांसाठी स्वतंत्र नोंदवावा. तिसरी अशी की, ज्यांचे भांडवल वीज-उद्योगात आहे त्यांनी तारांवर पक्ष्यांस दिसतील अशा चकत्या बसविण्याचा आग्रह आपल्या कंपनीत धरावा आणि पाणवठ्याजवळून जाणारी तार भूमिगत करण्याचा प्रश्न उपस्थित करावा. चौथी सूचना घराजवळची. जायकवाडी, उजनी यांसारख्या जलाशयांवरही कुरजांचे थवे नोंदले गेले आहेत. दख्खनच्या शेतांत ते उतरले म्हणजे ज्वारी-हरभऱ्याचे नुकसान होते आणि शेतकरी त्रासतो. मारवाडातील पाहुण्यांस दाणे पाठविताना आपल्याच भागातील अशा शेतकऱ्यास साह्य करणे हीदेखील जीवदयाच होय.

येत्या हंगामात खीचनची पावती घेऊन माणूस आपल्या दुकानी येईल. त्यास नेहमीप्रमाणे आदराने बसवावे, वर्गणी द्यावी, आणि त्याबरोबर एवढेच विचारावे की, नाडीत यंदा पाणी किती आहे, आगोरात नवे बांधकाम झाले काय, आणि तारांखाली किती पक्षी सापडले. जो व्यापारी मालाचा भाव विचारल्यावाचून सौदा करीत नाही, त्याने आपल्या दानाचा हिशेबही तितक्याच बारकाईने विचारावा.