गाठ काढल्यानंतरचा तास

परतूर तालुक्यातील आष्टीसारख्या गावी एखाद्या स्त्रीच्या स्तनात गाठ निघाली, म्हणजे तिच्या घरच्यांची पायपीट प्रथम जालन्याकडे आणि पुढे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाकडे, नाहीतर थेट मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे सुरू होते. परंतु पुष्कळदा त्या स्त्रीच्याही आधी तिच्या गाठीचा तुकडा प्रवासाला निघालेला असतो. लहानशा दवाखान्यात शस्त्रक्रिया उरकते, तुकडा प्लॅस्टिकच्या बाटलीत भरला जातो आणि ती बाटली पिशवीत घालून घरातील कोणीतरी एस.टी.ने तपासणीसाठी घेऊन जातो. बाटलीत कोणता द्रव आहे, तुकडा त्यात केव्हा पडला आणि किती वेळ राहिला, यांची नोंद कागदावर सहसा सापडत नाही. आणि रुग्णाच्या दफ्तरातील सर्वांत घातक उणीव, माझ्या मते, हीच होय.

स्तनाच्या कर्करोगाच्या बहुसंख्य गाठी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर पोसल्या जातात. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी अंडाशय काढल्याने हा रोग काही स्त्रियांत ओसरतो, असे 1896 सालीच प्रसिद्ध केले होते; त्याची उपपत्ती मात्र शिकागोच्या एलवुड जेन्सन यांनी पेशींतील इस्ट्रोजेनचे ग्राहक-प्रथिन दाखवून दिल्यानंतरच उलगडली. गाठीत हे ग्राहक असतील, म्हणजे अहवालात ‘ईआर पॉझिटिव्ह’ असे लिहून आले, तर टॅमॉक्सिफेन ही अल्प किमतीची गोळी 5 वर्षे घेतल्याने त्या रोगाने येणाऱ्या मृत्यूचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतो. ग्राहक असूनही अहवालात ते नाहीत असे आले, तर गरीब घरातील स्त्रीला परवडणारे नेमके हेच औषध तिच्या हातून निसटते, आणि ते निसटले हे तिला कधी कळतही नाही.

असे चुकीचे उत्तर येते कसे? रक्तपुरवठा तुटताच ऊतीतील प्रथिनांचा ऱ्हास सुरू होतो, आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला असता तर तो अधिकच वेगाने होतो. म्हणून काढलेला तुकडा एका तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे, आणि त्यात किमान 6 व कमाल 72 तास राहिला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. फॉर्मॅलिनही 10 टक्क्यांचे, आम्लता येऊ न देणारे क्षार घातलेले आणि तुकड्याच्या किमान दहापट असावे लागते. नळाच्या पाण्यात अंदाजाने मिसळलेले चालत नाही, आणि सलाइनमध्ये तर ऊती मुळीच टिकत नाही. शिवाय फॉर्मॅलिन आत झिरपते ते तासाला सुमारे एक मिलिमीटर एवढ्या मंद गतीने. अख्खी कैरी मिठात टाकली तर ती आतून मुरण्याआधीच नासू लागते, तसेच शनिवारी काढलेला सबंध स्तन न चिरता सोमवारपर्यंत बरणीत ठेवला तर बाहेरचा थर टिकतो आणि मधली गाठ बिघडते. पाच-पाच मिलिमीटरच्या चकत्या पाडून मगच तो द्रवात ठेवणे, एवढ्या साध्या कामावर पुढचे सारे अवलंबून असते.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातून 2000 साली 798 गाठींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात इस्ट्रोजेन-ग्राहक अवघ्या 32.6 टक्के गाठींत आढळले. पाश्चात्य देशांत हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर जाते. भारतीय रुग्ण तुलनेने तरुण वयाच्या असतात, हे त्या तफावतीचे एक खरे कारण आहे. पण त्याच अभ्यासात प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक 46.1 टक्के गाठींत, म्हणजे इस्ट्रोजेन-ग्राहकांपेक्षा अधिक, आढळले होते. आणि प्रोजेस्टेरॉन-ग्राहक तर मुख्यतः इस्ट्रोजेन-ग्राहकाच्याच क्रियेतून निर्माण होतात. कारण थोडे आणि कार्य मोठे, अशी ही स्थिती विकृतिशास्त्रज्ञांना खटकली, आणि हे जीवशास्त्र आहे की जतनातील व तपासणीच्या पद्धतीतील दोष, असा प्रश्न पुढे उघडपणे विचारला गेला. तो विचारला गेला, हे मला फार मोलाचे वाटते.

‘निगेटिव्ह’ अहवालाची पारख करण्याची एक खूण काचपट्टीवरच असते. गाठीशेजारच्या निरोगी दुग्धनलिकांच्या पेशींत थोडे ग्राहक निसर्गतःच असतात. त्यांच्या केंद्रकांवर तपकिरी रंग चढला असेल तर गाठीचे ‘निगेटिव्ह’ विश्वसनीय, आणि त्याही कोऱ्याच राहिल्या असतील तर तपासणीच बाद धरून दुसऱ्या तुकड्यावर पुन्हा करावी लागते.

कॅनडातील न्यूफाउंडलंड प्रांतात 1997 ते 2005 या काळातील 380हून अधिक स्त्रियांचे ग्राहक-अहवाल चुकीचे ठरले. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाने 2009 साली आपला अहवाल दिला, आणि उघडकीस आलेल्या दोषांत ऊतीचे अपुरे जतन हाही एक होता. तेथे फेरतपासणी होऊ शकली, कारण मेणाचे ठोकळे, ज्यांना प्रयोगशाळेत ‘ब्लॉक’ म्हणतात, जपून ठेवलेले होते. नीट फॉर्मॅलिनमध्ये राहून मेणात बसवलेली ऊती थंड, कोरड्या जागी वर्षानुवर्षे तपासण्याजोगी राहते. त्यावरून कापून काचेवर घेतलेले पातळ छेद मात्र हवेने निस्तेज होत जातात, आणि सहा आठवड्यांहून जुने छेद या तपासणीस वापरू नयेत असा संकेत आहे. म्हणून आष्टीहून मोठ्या रुग्णालयात जाणाऱ्या कुटुंबाने अहवालाच्या कागदाबरोबर केवळ काचपट्ट्या न नेता ब्लॉकही पावती देऊन मागून घ्यावा, आणि तुकडा किती वाजता काढला व किती वाजता फॉर्मॅलिनमध्ये टाकला, हे शस्त्रक्रियेच्या दिवशीच डॉक्टरांकडून अर्जावर लिहून घ्यावे.