गोळीला उशीर किती?

पॉइंट २२च्या काडतुसांची दोन खोकी समोर ठेवा. दोन्हींतल्या गोळ्या शिशाच्या आणि वजनाला सारख्याच, २.६ ग्रॅमच्या. नळीतून सुटताना एकीचा वेग सेकंदाला ३२५ मीटर, दुसरीचा ३८०. आडवा वारा सुटला असेल, तर कुठली गोळी कमी वाहील? बहुतेक जण दुसरीचं नाव घेतील. ती लवकर पोचणार, म्हणजे वाऱ्याच्या तावडीत कमी वेळ राहणार! प्रत्यक्षात १०० मीटरवर जलद गोळीच जास्त वाहते, तीही काही सेंटिमीटरनं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं, ४५१.४ गुणांनी. हा प्रकार पॉइंट २२वरच खेळला जातो आणि त्यासाठीची काडतुसं मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेली असतात. दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर रुंद. तिथून प्रत्येक ८ मिलिमीटरला एक गुण जातो. सेकंदाला दोन मीटरचा, म्हणजे अंगाला जेमतेम जाणवणारा आडवा वारा ही गोळी सेंटिमीटरभराहून जास्त ढकलतो. एक गुण तिथंच गेला.

वारा गोळीला कडेनं धक्का मारतो, अशी आपली समजूत असते. खरी गोष्ट वेगळी आहे. फिरकी घेत जाणारी गोळी समोरून येणाऱ्या हवेकडे तोंड करते. आडव्या वाऱ्यात ही हवा किंचित तिरकी येते, त्यामुळे गोळीला मागं खेचणारा अवरोधही तिरका लागतो आणि गोळी हळूहळू बाजूला सरकते. म्हणजे गोळी किती वाहणार हे तिच्या एकूण प्रवासाच्या वेळेवर ठरत नाही. हवा नसती तर ती जितक्या वेळात पोचली असती, त्यापेक्षा किती उशिरा पोचली, यावर ते ठरतं. रेल्वेसारखंच: गाडी किती तास धावली हा प्रश्न नाही, वेळापत्रकाच्या किती मागं पडली हा आहे. या उशिराला वाऱ्याच्या वेगानं गुणलं की गोळी किती वाहिली ते कळतं. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच तोफखान्यातल्या दिदिओं यांच्या नावानं हे सूत्र ओळखलं जातं.

आता पहिलं कोडं सुटतं. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास. त्याच्या जरा वर असलेल्या गोळीपुढे हवेत धक्कालहरी तयार होतात आणि अवरोध एकदम वाढतो. ३८०च्या गोळीचा वेग सुरुवातीलाच झपाट्यानं पडतो. तिचं वेळापत्रक कडक, म्हणून उशीरही मोठा.

लांब पल्ल्याच्या नेमबाजीत हाच हिशेब मीटरांत मोजावा लागतो. तिथं नेहमी तुलना होते ती पॉइंट ३०८ विंचेस्टर आणि ६.५ क्रीडमूर या दोन काडतुसांची. पॉइंट ३०८ बाजारात आलं १९५२ साली. आपल्याकडच्या जुन्या एसएलआर रायफलीचं ७.६२ काडतूस हा त्याचाच लष्करी भाऊ. क्रीडमूर २००७चं, आणि खास निशाण्यासाठी बेतलेलं. पहिल्याची गोळी साधारण ११.३ ग्रॅमची, दुसऱ्याची ९.१ ग्रॅमची. हलकी असूनही क्रीडमूरची गोळी बारीक, लांब आणि अणकुचीदार असल्यानं हवेत कमी अडते.

हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, पॉइंट ३०८च्या गोळीला साधारण १.७ सेकंद लागतात, निर्वातात १.१५ लागले असते. उशीर ०.५५ सेकंद. क्रीडमूरचा उशीर ०.४च्या आत. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत या अंतरावर दहाचं वर्तुळ असतं १० इंच व्यासाचं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १२.७ सेंटिमीटर. वाऱ्याचा अंदाज सेकंदाला फक्त अर्ध्या मीटरनं चुकला, तर पॉइंट ३०८ची गोळी २७ सेंटिमीटर बाजूला पडते, क्रीडमूरची सुमारे १९. दहा गुण दोन्हींचे गेले, पण क्रीडमूरवाल्याचं नुकसान कमी. शिवाय तोवर पॉइंट ३०८ची गोळी ध्वनीच्या वेगाच्या जवळ आलेली असते आणि त्या टप्प्यावर तिची चाल डळमळू शकते. क्रीडमूरची गोळी अजून त्याच्या बरीच वर असते. पॉइंट ३०८ची जमेची बाजू म्हणजे त्याची नळी जास्त टिकते. शिवाय स्पर्धेच्या एका गटात पॉइंट २२३ आणि पॉइंट ३०८ एवढीच काडतुसं चालतात. तिथं वारा वाचणाऱ्याचीच परीक्षा.

मग सरळ पॉइंट ३३८ लापुआ मॅग्नमसारखं दांडगं काडतूस का नाही? त्याची सोळा ग्रॅमची गोळी दीड किलोमीटरसाठीच बनलेली आहे. पण खांद्याला बसणारा धक्का मोठा, आणि दिवसभर गोळ्या झाडताना पुढच्या धक्क्याच्या धास्तीनं चाप ओढतानाच हात हलतो. हवेत वाचवलेला उशीर मग नेमबाजाच्या अंगात जातो.

हवा तरी कुठं सगळीकडे सारखी? गोळी कुठं लागेल ते सांगणारे परदेशी तक्ते बहुधा समुद्रसपाटी आणि १५ अंश तापमान धरून केलेले असतात. तेव्हा घनमीटरभर हवेचं वजन १.२२५ किलो भरतं. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५वर गेला की तेच वजन १.०७ किलोच्या आसपास येतं. थंडीतल्या पहाटे, १० अंशांवर, चिखलदऱ्याला ते साधारण १.०९ भरेल. म्हणजे अकराशे मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यापेक्षा उन्हाळ्यातल्या अकोल्याची हवा विरळ! अवरोध तेवढाच कमी, गोळी तेवढी वर लागणार. त्यात तापलेल्या काडतुसातली दारू जोरात पेटते आणि सुटतानाचा वेग वाढतो, म्हणून जाणता नेमबाज खोकं उन्हात ठेवत नाही.

चिखलदऱ्याच्याच डोंगरांत, परतवाड्याहून धारणीकडे जाताना सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागतं. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या या जंगलात निशाणेबाजीला जागा नाही. इथं नेम धरावा लागतो तो जनावराला भूल देऊन पकडण्यासाठी. २०१९मध्ये ब्रह्मपुरी भागातून आणून मेळघाटात सोडलेली ई-१ वाघीण त्याच वर्षी पुन्हा बेशुद्ध करून पकडावी लागली आणि नागपूरच्या गोरेवाड्याला हलवली गेली. डार्ट म्हणजे उडती सिरिंज: पुढं सुई, मधे औषध, मागं गोंड्यासारखी शेपटी. समजा भरलेला डार्ट दहा ग्रॅमचा आहे आणि सेकंदाला ६० मीटरनं गेला, तर त्याची ऊर्जा १८ ज्यूल. जवळपास तेवढ्याच वजनाची पॉइंट ३०८ची गोळी नळीतून सुटते तेव्हा तिच्यात साडेतीन हजार ज्यूल असतात.

डार्टचा वेग जास्त झाला तर हाड मोडेल, आतून रक्तस्राव होईल. कमी पडला तर सुई कातड्यात रुतणार नाही. म्हणून आधी अंतर मोजतात, मग त्या अंतरापुरता वायूचा दाब लावतात आणि मांडीच्या किंवा खांद्याच्या भरदार स्नायूवर नेम धरतात. शेपटीमुळे डार्ट सरळ जातो, पण अवरोधही वाढतो. त्यामुळे वीस-तीस मीटरवरही तो बराच खाली येतो आणि झुळुकीनं सरकतो. दिदिओंच्या सूत्रातून तोही सुटत नाही.

म्हणून कुठलं काडतूस उत्तम, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. लक्ष्य किती लांब, तिथवर जाताना उशीर किती आणि पोचल्यावर ऊर्जा किती हवी, हे आधी विचारायचं. खोक्यावर ठळक छापलेला वेग त्यानंतर वाचायचा.